पास झालीस तर पेढे

रियाने मला वही दिली होती ती नोट्स काढायला. पुढून मी तिचे नियम लिहिले आणि मागून आमचे किस्से. वर्षभरात मागची पानं आधी संपली.

अमेरिकेच्या वाळवंटातल्या चँडलर गावी, आमच्या डायनिंग टेबलावर दर शनिवारी सकाळी लॉ स्कूलच्या एंट्रन्सचा क्लास भरतो. शिकवते माझी मुलगी रिया, हीच परीक्षा देऊन लॉ स्कूलला लागलेली. विद्यार्थिनी एकच, वैदेही. नागपूरच्या कोर्टात तिने नऊ वर्षं वकिली केली, मग नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली. व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. आता ती मिळाली, तर इथल्या वकिलीसाठी पुन्हा लॉ स्कूल! तिच्यासोबत तिचे सासरे आबा येतात, कारण घरी एकट्याने टीव्ही बघायचा त्यांना कंटाळा. मी चहा करतो आणि कोणी न विचारता उत्तरं देतो.

*

पहिला धडा 'जर-तर'चा होता. रियाने विचारलं, "इफ इट रेन्स, रस्ता ओला होतो. आता रस्ता ओला आहे. सो, पाऊस पडला?"

"अजिबात नाही," आबा म्हणाले.

रिया खूश झाली. "एक्झॅक्टली, आबा! पण व्हाय?"

"अगं बाप्पा, या गावात पाऊस पडतो कुठे? शेजारच्याचा स्प्रिंकलर सकाळपासून चालू आहे."

पान उलटलं तर पुस्तकातलं स्पष्टीकरणही स्प्रिंकलरचंच निघालं. आबांना पूर्ण मार्क द्यावे लागले.

*

ती हुशारी तेवढ्यावरच संपली. पुढच्या शनिवारी रियाने आबांनाच उदाहरण मागितलं. ते म्हणाले, "माझी आई सांगायची, अभ्यास केलास तर जेवायला मिळेल."

"गुड. आणि अभ्यास नाही केला तर?"

"उपाशी."

"नो, आबा. वाक्य ते सांगतच नाही. द सेन्टेन्स इज सायलेंट."

"तू माझ्या आईला भेटली नाहीस," आबा म्हणाले.

वैदेहीने त्यांना मराठीत समजावलं, "आबा, नाही केला तर काय, याबद्दल वाक्य गप्प आहे." मी ते वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. आबा मात्र महिनोन् महिने उपाशीच म्हणत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

*

माझंही काही खरं नव्हतं. एका प्रश्नात कॅरल आल्याशिवाय सुझन पार्टीला येणार नव्हती. कॅरल आली, आता सुझनचं काय?

"येणार," मी किटली ठेवत सांगितलं.

"का, बाबा? येऊ शकते, पण यायलाच हवं असं कुठेय?"

"अगं, आपल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, डबे घेऊन जमायचं असतं तेव्हा, काय होतं? गाडी एकीकडेच असते. ती निघाली की दुसरी निघतेच."

रियाने मला चहा गाळायला पाठवलं.

*

वैदेहीची अडचण वेगळी. तिला उत्तरं यायची, पण ती प्रश्नाशीच भांडायची. 'परवाना असलेला प्रत्येक दुकानदार प्रामाणिक असतो', असं पुस्तकात आलं की तिने पेन खाली ठेवलंच.

"कोण म्हणतं? याचा पुरावा कुठेय?"

"मावशी, यू कान्ट क्रॉस-एक्झामिन द क्वेश्चन. ते खरं धरून पुढे जायचं."

"म्हणजे त्याने वाटेल ते बोलायचं आणि मी ऐकून घ्यायचं?"

तोवर टायमर वाजायचा. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा शेवटचे प्रश्न राहिले. त्या परीक्षेत पास-नापास नसतं, नुसता स्कोअर असतो. पण घराजवळच्या कॉलेजला हवा तेवढा स्कोअर आला की आमच्या भाषेत पास. दुसऱ्यांदा तो हुकला तेव्हा वैदेही शांतपणे म्हणाली, "आता एकदाच देईन. जमलं नाही तर सोडणार."

*

त्या दिवशी मी आबांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. ते म्हणाले, "ही इकडे यायला तयार नव्हती. मीच म्हटलं, जा, दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे. बारा वर्षं झाली."

मग सांगितलं की नागपूरहून येताना त्यांनी सूटकेसमध्ये तिचा काळा कोट आणलाय. तिकडे दर उन्हाळ्यात ते तो गच्चीवर उन्हात घालत होते. इथे आणून कपाटात मागे टांगून ठेवलाय, तिला अजून सांगितलेलं नाही. मी गाडीचा दरवाजा उघडून उभा राहिलो.

पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "वैदेही, पास झालीस तर पेढे. मी स्वतः करीन."

*

तिसऱ्या परीक्षेचा निकाल आला त्या सकाळी आम्ही चौघं टेबलाशी बसलो होतो. वैदेहीने लॅपटॉप उघडला, बराच वेळ बघितलं आणि हळूच मिटला.

"थोडक्यात गेला," ती म्हणाली. "सोडलं मी."

रिया तिचा हात धरून बसली. मी चहा ठेवायला उठलो, मला तेवढंच जमतं.

आबांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. मिल्क पावडरचे, मायक्रोवेव्हमध्ये केलेले पेढे. आकार एकाचा एकाला नाही. वर बोटाने दाबलेले खळगे.

रियाला ते बघवेना. ती हळू आवाजात म्हणाली, "आबा, नॉट नाऊ. पास झाली तर पेढे, असं होतं ना?"

"हो. पास झाली तर पेढे," आबा म्हणाले. "नाही झाली तर काय, याबद्दल वाक्य गप्प आहे."

वैदेहीने डोळे पुसून एक पेढा उचलला, सावकाश खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला.

"आणखी एक द्या, आबा. हा पुढच्या परीक्षेचा."