जिलेबीचा तुकडा

ऑपरेशनच्या आधी मी जेवायला बसले की बाया माझ्या ताटाकडे बघायच्या. ऑपरेशननंतरही बघतात. आधी मी किती घेते ते बघायच्या, आता किती टाकते ते. दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याइतकी रिकामी माणसं आपल्याकडे घरोघर आहेत.

मी नांदेडला शाळेत शिकवते. गुडघे गेले होते, साखर वाढलेली, वर्गात पोचेपर्यंत धाप लागायची. शेवटी डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग कापून काढला. उरलं ते एका केळ्याएवढं. पहिले काही आठवडे पाणी, ताक आणि गाळलेलं वरण, तेही चमच्याचमच्यानं. मग मिक्सरमधून काढलेला मऊ भात. खूप दिवसांनी भाकरी खायची परवानगी मिळाली. मी आनंदानं पहिला घास नीट न चावताच गिळला. तो छातीत दगडासारखा अडकला. बेसिनपाशी वाकून तो बाहेर पडेपर्यंत नवरा पाठीवर हात ठेवून उभा होता. त्या दिवशी मी रडले. पोट लहान झालं होतं, पण मनातली भूक होती तेवढीच होती. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

लातूरला माझ्या मोठ्या नणंदेनं घर बांधलं, वास्तुशांतीला आम्ही गेलो. हीच नणंद पूर्वी प्रत्येक कार्यात पंगतीत मोठ्यानं म्हणायची, "हिला वाढताना हात आखडू नका गं, हिचं दोन घासांत भागत न्हाई." सगळ्या हसायच्या. आता मला बघून तिनं गालाला हात लावला.

"अगं बाई! किती वाळलीस! दुखणेकऱ्यावानी दिसून राहिलीस."

जेवताना ती जिलेबी घेऊन आली.

"ताई, मला गोड चालत नाही," मी म्हणाले.

"माझ्या घरची वास्तुशांत हाय. तोंड गोड केल्याबिगर उठायचं न्हाई."

"खरंच नको. त्रास होतो."

तिनं तुकडा मोडून सरळ माझ्या तोंडात कोंबला. भोवतालच्या बाया कौतुकानं हसल्या. चारचौघींत थुंकायचं कसं म्हणून मी गिळला. थोड्याच वेळात दरदरून घाम फुटला, काळीज धडधडायला लागलं, पोटात पीळ पडला. मला आतल्या खोलीत गाद्यांवर आडवं केलं. बाहेरून नणंदेचा आवाज येत होता, "देवानं दिलेलं शरीर कापून घेतलं की असंच व्हतंय." आणि मग ती माझ्यासाठी काय घेऊन आली, तर लिंबाचं सरबत. भरपूर साखर घातलेलं.

मी उठून बसले. "ताई, मी नको म्हणाले होते. तुम्हाला ऐकू आलं होतं."

"अगं, मायेनं भरवलं मी."

"माया असती तर माझं ऐकलं असतं. तुम्हाला चार बायांना गंमत दाखवायची होती."

"लई बोलायला शिकलीस!" म्हणून ती सरबत घेऊन निघून गेली. नवऱ्यानं गाडी काढली. परतीच्या वाटेवर तो बहिणीची बाजू घेईल असं वाटलं होतं. घेतली नाही.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "आसपास कुणी न्हाई ना? ते तुझे डॉक्टर कोण? माझ्या एका मैत्रिणीला पाहिजे व्हतं." मैत्रिणीचे गुडघे कसे दुखतात याचं वर्णन तिनं इतकं बारकाईनं केलं की मला हसू आवरेना. मी डॉक्टरांचा पत्ता दिला. लातुरात तिनं सांगितलं की भावाकडे राहून माहूरला देवीच्या दर्शनाला जायचंय. देवीचं दर्शन बाजूलाच राहिलं, बाई आमच्या घरातून दवाखान्यात गेली आणि पुन्हा आमच्याच घरी आली. तिचं वरण मी गाळलं. ते तिला आळणी लागायचं.

आता ती बारीक झाली आहे. लातुरात सगळ्यांना सांगते की पहाटे उठून चालले, भात सोडला, जिद्द लागते. परवा एका बारशात माझ्यासमोर एका जाड पोरीला म्हणाली, "जिभेवर ताबा ठेव जरा." बायांनी मान डोलावली. मी कापून घेतलं म्हणून माझं श्रेय डॉक्टरांना आणि हिचं मात्र मनोनिग्रहाला!

त्या पोरीचा चेहरा उतरलेला बघून माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "हिचं मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरांना विचार." नणंदेचं गुपित मात्र फोडलं नाही. तिच्या पातळीवर उतरायचा कंटाळा आला, एवढंच.

त्याच संध्याकाळी तिचा फोन. आवाज दबका. "केस लई गळून राहिलेत गं. तुझेबी गळले व्हते का?"

"हाव," मी म्हणाले. "डाळी, पनीर, अंडी खा. येतात परत." आणि फोन ठेवला.