वरच्या खोलीतली पाणीवाली

आमच्या वरच्या खोलीत राहून गेलेल्या बाईइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या अंजूरमध्ये झाला नाही, पुढे होणारही नाही. पाण्यात कुठला धातू किती उतरलाय ते मोजायचं, हे तिचं काम. कॉलेजने दोन वर्षांसाठी पाठवली होती. पण घरी आली तरी ती मोजतच असे. चहा पुढे केला की आधी पाणी कुठलं ते विचारी. पुतणीच्या हळदीत सगळ्या बाया नाचत होत्या आणि ही पिंपापाशी उकिडवी बसून थेंब घेत होती. रक्तातली साखर तपासायला असते तसली पट्टी, पट्टीला वायर, वायरीला मोबाइल. थेंब पडला की आतले धातू आधी पट्टीला चिकटत, मग एकेक सुटत आणि पडद्यावरच्या रेघेत ज्याचा त्याचा डोंगर उठे. डोंगर उठला की बाई जेवण विसरे.

"काकू, ही तांब्याची जागा, ही शिशाची. कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसत नाही," ती सांगे.

"मंग आमच्या भावबंदांपेक्षा शहाणे हायेत," मी म्हटलं.

माझ्या मुलाला आमची विहीर बुजवून जागा गोडाऊनला द्यायची होती. मी म्हटलं, पाणी चांगलं निघालं तर हात लावायचा नाही. तो कबूल झाला. मग तपासणीचं पाणी मी पाहुण्याला द्यावं तसं काढलं. तांब्याचा कलश चिंचेने लखलखीत घासला, रात्रभर पाणी त्यात झाकून ठेवलं आणि सकाळी तिच्या बाटलीत ओतून दिलं. तांब्याचा डोंगर पडद्याबाहेर गेला. मुलाने लगेच विहिरीत ओतायला डबराचा टेम्पो मागवला. तेवढ्यात बाईला ओट्यावरचा कलश दिसला. ती ओल्या केसांनी, एकाच पायात चप्पल घालून धावली आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली.

"दादा, मी विहीर नाही, तुमच्या आईचा कलश मोजलाय!"

"मॅडम, खाली करना है के नहीं?" टेम्पोवाला ओरडला.

दुसऱ्यांदा तिने स्वतः प्लास्टिकची बाटली तीनदा विसळून पाणी काढलं. तांबं गेलं. पण शिशाच्या जागी एक टेकाड उठलं.

"बाय, एवढंसं तं हाय. नको सांगू त्याला," मी म्हटलं.

"काकू, पिऊ नका," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मला तिचा राग आला. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी तेच पाणी पीत होते. मुलाला मात्र तिने बजावलं, "बुजवू नका. शिसं कुठून येतंय ते शोधायचंय. दर महिन्याला मोजू. तपासणी चालू आहे तोवर थांबा." तिच्या धाकाने तो थांबला.

तिची दोन वर्षं संपली. जाताना रिक्षात बसल्या बसल्या तिने रिक्षावाल्याला त्याच्या बाटलीतलं पाणी कुठलं ते विचारलं.

आता आम्ही विकतचं पाणी पितो. त्याला चव नाही. दर महिन्याला मी बाटली तीनदा विसळते, विहिरीचं पाणी भरते आणि तारीख लिहून वरच्या खोलीच्या खिडकीत ठेवते. मुलाने विहिरीचा विषय काढला की सांगते, "तपासणी चालू हाय." कोण तपासणार, ते तो विचारत नाही. चहा घेताना पाणी कुठलं, तेही आता कुणी विचारत नाही.