सावरखेड्याची ओटी

मार्चमधल्या रविवारी सकाळी सातला आम्ही नांदेडच्या बसस्टँडवर उभे होतो. माझ्या पिशवीत आठ धपाटे, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा. यांच्या हातात छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नाही. "छत्री कशाला?" मी विचारलं.

"नावेत सावली नसते," हे म्हणाले.

आमच्या लग्नाला चारच महिने झाले होते. मी बावन्न वर्षांची, हे साठचे. माझे पहिले यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले, यांच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी. मी लग्नाआधी लातूरला शिक्षिका होते, हे नांदेडला नोकरी करून निवृत्त झालेले. लग्न मुलांनीच जमवलं. पण दोघं मिळून बाहेर पडायचं म्हटलं की मी टाळायची. ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं? म्हणून यांनी गोदावरीपल्याडचं सावरखेडा शोधून काढलं. सडकेनं गेलं तर मोठा वळसा, नावेनं अर्धा तास. "तिथं आपल्याला चिटपाखरू ओळखत नाही," हे म्हणाले.

तासाभरानं बसमधून उतरलो आणि मळ्यांमधून चालत काठाला आलो. बंधाऱ्यानं नदी इतकी फुगलेली, की पलीकडची झाडं हिरव्या रेघेएवढी दिसत होती. लातूरकराला एवढं पाणी दिसलं की आधी घरातली रिकामी भांडी आठवतात. मी तसं म्हणाले, तर हे मोठ्यानं हसले.

नावेत दोन शेळ्या, एक मोटारसायकल, खताची पोती आणि आम्ही. निम्म्या वाटेत इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. जलपर्णी पंख्यात गुंतली होती.

"भिऊ नका सर, रोजचंच हाय," म्हणत मारोती नावाडी विळा घेऊन पाण्यावर ओणवा झाला. नाव हळूहळू भलतीकडंच सरकायला लागली. यांना पोहता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. यांनी माझा हात घट्ट धरला. चारचौघांत पहिल्यांदाच. मी सोडवून घेतला नाही. एक शेळी तेवढ्यात माझा पदर चघळत होती.

सावरखेड्याचा चढ चढताना शिजलेल्या हळदीचा उग्र, मातकट वास आला. अंगणाअंगणात हळकुंडं वाळत पडलेली. एका अंगणात सत्तरीची बाई ती निवडत बसली होती.

"कुन्या गावचे पाव्हणे? उनाचं काय उभे राहून राहिले, या की वर!"

ह्या गयाबाई. त्यांनी गरम भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) वाढली. आम्ही धपाटे पुढं केले. आमटीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

"लेकरं किती?" गयाबाईंनी विचारलं.

"दोन," हे म्हणाले. "एक," मी म्हणाले. दोघंही एकदमच.

"आँ? मालकाचे दोन अन् बाईचं एकच?"

मी घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला माझ्या तोंडानं पहिल्यांदाच. गयाबाई उठून आत गेल्या.

"चुकलंच माझं. निघू या," मी कुजबुजले.

पण त्या सुनेला घेऊन बाहेर आल्या. सुनेच्या हातात ताट. त्यात खण, गहू, हळदकुंकू.

"हिच्या हातानं वटी भरून घे. नवी नवरी तशीच जाऊ ने," म्हणून त्या स्वतः लांब, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

लातूरला प्रत्येक हळदीकुंकवाला मी अकरा वर्षं अशीच भिंतीला टेकून उभी राहिले होते.

"तुम्हीच भरा," मी म्हणाले.

"माझ्या हातानं चालत न्हाई, बाई. मालक जाऊन वीस वर्सं झाली."

"मला चालतं."

"भरा की, आत्याबाई," म्हणत सुनेनं ताट सासूच्या हातात दिलं.

गयाबाईंची बोटं कामानं आधीच पिवळी होती. कुंकवात बुडवण्याआधी त्यांनी ती पदराला दोनदा पुसली. माझ्या कपाळावर टिळा जरा वाकडाच उमटला. ओंजळीनं गहू पदरात पडले. मीही चिमूटभर कुंकू उचललं, तशा त्या मागं सरल्या. "मला नको. एवढंच लई झालं." मी आग्रह केला नाही. निघताना त्या काठापर्यंत आल्या आणि नाव दूर जाईपर्यंत उभ्या होत्या.

संध्याकाळी नांदेडला उतरलो तर यांचे जुने सहकारी समोर. माझा भरलेला पदर पाहून त्यांनी विचारलं, "कुठं कार्यक्रम होता का? या कोण?"

यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"मी यांची पत्नी," मी म्हणाले. "नावेनं सावरखेड्याला गेलो होतो. तुम्हीही जाऊन या, आमटी झकास मिळते."

ऑटोत हे म्हणाले, "पुढच्या रविवारी लातूरला जायचं का? तुझ्या शाळेतल्या बायकांना भेटायला?"

माणूस लपायला म्हणून गाव शोधतो आणि तिथून धीट होऊन परततो, हे मला त्या दिवशी कळलं. मी पदरातले गहू सावरले आणि म्हणाले, "जाऊ या. पहिल्याच बसनं."