घरात घातलेला गॉगल

हे लिहायला मी कोण, असं पुष्कळदा वाटलं. मी डॉक्टर नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. काही चुकलं तर माफ करा. पण नववीत मला आजार कळला तेव्हा माझ्याच वयाच्या कुणाचं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, म्हणून धीर करतोय.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "सिकल सेल आहे." म्हणजे रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक नसांत अडकल्या की हाडं ठणकतात. त्याला क्रायसिस म्हणतात. पेशी लवकर मोडतात म्हणून रक्त कमी पडतं, डोळे पिवळे दिसतात. त्याआधी दादांनी, म्हणजे वडिलांनी, तीनदा माझी कावीळ उतरवून आणली होती.

"आई-वडील दोघंही वाहक आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना त्रास नाही, याला आहे. शिवल्यानं किंवा उष्ट्यानं हा होत नाही."

"आमच्या माहेरात कुणालाच न्हाय, बाई," आई म्हणाली. परतीच्या एसटीत आमच्या गावचा, जळकोटचा फाटा येईपर्यंत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या गोळ्या सुरू झाल्या. क्रायसिस कमी झाले, थांबले नाहीत. पेशी अडकू नयेत म्हणून शाळेत सारखं पाणी प्यायचो, सारखं बाहेर जायचो. पोरं 'कामचुकार' म्हणायची. एकदा पीटीच्या सरांनी दुखऱ्या गुडघ्यावर बर्फ धरला. सिकलला थंडी वाईट. दुखणं आणखी वाढलं. सरांचा दोष नव्हता. आम्ही शाळेत सांगितलंच नव्हतं, कारण ताईचं लग्न व्हायचं होतं.

ताईचीही तपासणी झाली होती. तीही वाहक. वाहकाचं लग्न वाहकाशी झालं तर दर बाळंतपणात मूल माझ्यासारखं होण्याची शक्यता चारात एक असते. पण गावात एवढं कोण ऐकून घेतं? 'त्या घरात रोग हाय' एवढंच फिरलं असतं.

गेल्या वर्षी तिला बघायला पाहुणे आले. त्या सकाळी आत्यानं माझ्या हातात गॉगल दिला. "डोळे आल्यात म्हणून सांग. तोंड बंद ठेव."

पोहे आले. मुलाचे मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "काय हिरो, घरात बी ऊन लागतंय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग ताईकडं बघितलं. ती एकटी हसत नव्हती. तिनं 'सांग' अशी नुसती मान हलवली. मी गॉगल काढला.

"डोळे आले नाहीत, मामा. मला सिकल सेल आहे. ताई वाहक आहे. तिला त्रास नाही, पण मुलानं लग्नाआधी रक्त तपासून घ्यावं."

मामांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. मुलानं ताईकडं बघितलं. "कळवतो," म्हणून पाहुणे उठले.

"जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं रं?" आत्या म्हणाली. दादा उठून बाहेर गेले. ते मला जास्त लागलं.

अकरा दिवस फोन नाही. बाराव्या दिवशी क्रायसिस आला आणि मी पुन्हा वॉर्डात. सलाइनचे थेंब बघत एकच विचार करायचो: ताईचं मी मोडलं. ती उशाशी बसून पाय शेकायची. "मीच मान हलवली होती," एवढंच म्हणायची.

तुम्हालाही घरचे लपवायला सांगतील. ते वाईट नसतात, भ्यालेले असतात. सांगितल्यावर सगळं नीटच होईल, असं वचन मी देऊ शकत नाही. एवढंच सांगतो, गॉगल काढल्यावर मला ताईचा चेहरा नीट दिसला.

वॉर्डातल्या चौथ्या दिवशी दुपारी दादांचा फोन वाजला. ऐकता ऐकता ते माझ्या खाटेवर बसले, आणि फोन माझ्या कानाला लावला.

तो मुलगाच होता. "रिपोर्टला टाइम लागला, म्हणून फोन केला न्हाय. मी वाहक न्हाय. मामा बी तयार हायेत. तू लवकर बरा हो. लग्न भर दुपारचं हाय, तवा मातर गॉगल घालून ये."