सोड म्हणेपर्यंत

त्याचं खरं नाव रंगाऱ्यांच्या टोळीत कोणी घेत नसे. सगळे त्याला टेकू म्हणत, कारण शिडी धरणं हेच त्याचं काम. वर चढलेला माणूस खाली उतरून "सोड" म्हणत नाही तोवर हात काढायचा नाही, हा टोळीचा नियम. टेकूइतका तो कोणीच पाळला नाही. एकदा गांधीलमाशी मनगटाला डसली, हात भाकरीसारखा फुगला, तरी हा जागचा हलला नाही. वरचे मात्र पोट धरधरून हसत होते.

टोळीचा मुकादम म्हणजे त्याच्या ताईचा नवरा, दाजी. "पुढच्या कामाला तुझ्या हातात ब्रश," हे गाजर दाजी त्याला वर्षानुवर्षं दाखवत आला होता. रस्त्याने जाताना टेकूची मुलगी विचारायची, "बाबा, यातली कुठली भिंत तुम्ही रंगवली?" बापडा म्हणायचा, "त्या इमारतीला ना, शिडी माझी होती." पोरगी गप्प बसायची. ते गप्प बसणं त्याला गांधीलमाशीपेक्षा जास्त डसायचं. बोट करून दाखवता येईल अशी एक भिंत, एवढंच त्याला हवं होतं.

एका सुट्टीला टोळीने भीतीच्या खेळाला जायचं ठरवलं. बंद पडलेल्या दवाखान्यात अंधाऱ्या खोल्यांतून वाट काढायची, आणि भुतांची सोंगं घेतलेली माणसं अंगावर येणार. पैसे मोजून घाबरायचं! ज्यांना आयुष्यात कोणी नीट घाबरवलेलं नसतं, त्यांनाच असली हौस सुचते.

टेकूला अंधाराची भीती वाटायची. चाळिशीचा माणूस घरी दिवा लावून झोपतो, हे ताईने नवऱ्याला बोलता बोलता सांगितलं होतं, आणि दाजीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. सगळ्या टोळीला ते ठाऊक होतं.

"मी नाही येत," टेकू म्हणाला.

"ये रे! आज ओरडला नाहीस, तर सोमवारी ब्रश तुझा. सगळ्यांसमोर सांगतोय."

मग तो गेला.

पहिल्या दोन खोल्या त्याने डोळे मिटून, दाजीचा शर्ट धरून काढल्या. तिसऱ्या खोलीत एक जड लोखंडी दांडा होता. कोणीतरी तो दाबून धरला की पलीकडचं दार उघडायचं. बाकीच्यांनी पार व्हायचं आणि पलीकडचा दांडा ओढून मागच्याला सोडवायचं.

"हे तर आपल्या टेकूचंच काम!" एकजण म्हणाला.

"धर. मी सोड म्हणेपर्यंत हात काढू नकोस," दाजी म्हणाला.

त्याने धरला. ते पार झाले. दिवा गेला.

पलीकडे कोणी दांडा ओढला नाही. सगळे सरळ बाहेर पडले आणि जिथे आतल्या खोल्या पडद्यावर दिसतात तिथे चहाचे कप घेऊन बसले. दाजीने तिथल्या माणसाला सांगितलं, "राहू दे त्याला थोडा वेळ. घरचाच आहे, चालतं."

आत टेकू दांडा धरून उभा होता. कोणीतरी मानेवर फुंकर घातली. गार बोटं कानामागून फिरली. त्याने ओठ इतके घट्ट दाबले की रक्त आलं. विजार ओली झाली. दांडा मात्र वर आला नाही. बाहेर हसून हसून कोणाचा तरी चहा सांडला.

शेवटी भूत झालेल्या मुलीलाच राहवेना. तिने मुखवटा काढला, टॉर्च लावला. "काका, खेळ केव्हाच संपला. तुमची माणसं बाहेर बसलीत."

"दाजींनी अजून सोड म्हटलं नाही," टेकू म्हणाला.

तिला त्याची बोटं एकेक करून उचलावी लागली.

बाहेर आल्यावर त्यांनी त्याला पडद्यावरचं चित्रीकरण दाखवलं, ओल्या विजारीसकट, दोनदा. टेकूने ते पाहिलं. मग म्हणाला, "दाजी, मी ओरडलो नाही."

"नाही ओरडलास, गड्या. अजिबात नाही!" दाजी डोळे पुसत म्हणाला.

सोमवारी तो नवा ब्रश घेऊन कामावर आला. बायकोने तो रात्रभर पाण्यात भिजवून ठेवला होता, केस गळू नयेत म्हणून. मुलीला त्याने सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी एक भिंत दाखवतो.

दाजीने ब्रश हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. "अरे, परवा बघितलं ना सगळ्यांनी! असे हात शिडीलाच हवेत. धर."

टेकूने ब्रश खिशात खोचला आणि शिडी धरली. दाजी चढायला लागला. अर्ध्यावर त्याने खाली पाहिलं. टेकू वर बघत होता. शिडी धरणारा वरच बघतो. इतकी वर्षं तो तसाच बघत आला होता, पण दाजीला ते आज पहिल्यांदा दिसलं. आणखी दोन पायऱ्या, पुन्हा खाली नजर. मग रंगाचा डबा तसाच घेऊन तो उतरला.

"आज तू जा वर," त्याने दुसऱ्याला सांगितलं. दुसरा पहिल्या मजल्यापर्यंतही पोचला नाही. तिसऱ्याची म्हणे पाठ दुखत होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! टेकूने शिडी इंचभर हलवली नव्हती, एक वाकडा शब्द काढला नव्हता. दुपारपर्यंत भिंत कोरडीच राहिली आणि ही धट्टीकट्टी माणसं खाली उभी राहून एकमेकांची तोंडं बघत होती.

जेवणानंतर दाजी टेकूजवळ आला. त्याच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या हाताचा आता भरवसा वाटत नाही. तुझ्या ताईला मी सांगेन काहीतरी."

टेकू दोन्ही हातांनी रिकामी शिडी धरून उभाच होता.

"आता काय?" दाजी खेकसला. मग त्याच्या लक्षात आलं.

"सोड," तो म्हणाला.

टेकूने हात काढले.