कारणाचा रकाना

दाराची कडी वाजली तेव्हा ताईंच्या एका हातात औषधाचा चमचा होता आणि दुसऱ्या हातात आईची हनुवटी. सकाळचे सव्वासात. या घरातली ती वेळ वर्षानुवर्षं ठरलेली: औषध, आईला कुशीवर वळवणं, चादर बदलणं, स्वतःची आंघोळ, डबा, आणि आठ वीसला उंबरठ्याबाहेर. यातलं एक काही हललं की पुढचं सगळं घसरायचं. म्हणून कोण आलंय यापेक्षा आत्ताच का आलंय, याचाच त्यांना आधी राग आला.

दार भावजयीनं उघडलं. बाहेर पाणीपुरवठा कार्यालयातला म्हातारा शिपाई, जिना चढून धापा टाकत उभा. त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. लखोटा फोडायची गरजच पडली नाही.

"कारणे दाखवा नोटीस आहे, बाई," ताई बाहेर आल्यावर सही घेता घेता तो म्हणाला. "आणि साहेबांचा निरोप आहे. खुलासा येईपर्यंत तुमची रजा अडकली."

भावजय परत डब्याकडे वळून झाकण लावत होती. ते तिनं तसंच अर्धवट ठेवलं.

"रजा? प्रशिक्षणाला कधीपासून रजा लागायला लागली, ताई?"

आपण काय करून बसलो हे शिपायाला उमगलं आणि तो घाईघाईनं चपला शोधू लागला.

ताई त्या कार्यालयात सव्वीस वर्षं टंकलेखक होत्या, पण त्यांचं नाव झालं होतं वेगळ्याच कामासाठी. हेड ऑफिसचा नियम असा, की दहा मिनिटं उशीर झाला तरी लेखी खुलासा द्यायचा, आणि तोही इंग्रजीत. त्यामुळे व्हॉल्व्हमनपासून हेडक्लार्कपर्यंत सगळे जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या टेबलाशी येऊन उभे राहत. सगळं ऑफिस त्यांना खुलासेबाई म्हणायचं. ताईंचे वडील इंग्रजीचे शिक्षक. त्यांनी मागे ठेवलेला जाडजूड शब्दकोश अजून घरात होता, प्रत्येक शब्दाचं मूळ सांगणारा, पाठीला पट्टी चिकटवलेला. लहानपणी घरी यायला उशीर झाला की वडील ओरडत नसत. कोश पुढे सरकवत आणि म्हणत, आधी शब्द निवड, मग बोल.

ती सवय ताईंच्या हाडात मुरली होती. उशिरासाठी एक्स्क्यूज, कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आरोपातून बाहेर काढणं. साहेब शांत असले तर एक्स्प्लेन, म्हणजे मुळात सपाट करणं. आईच्या चादरीवरून हात फिरवावा तसं. जस्टिफाय मात्र त्या जपून वापरत. त्याचा मूळ अर्थ न्याय्य करणं, आणि न्याय्य करावं लागतंय म्हणजे आधी तसं नव्हतं, असा साहेबांना वास येतो. त्यांचा लाडका शब्द एक्झॉनरेट, पाठीवरचं ओझं उतरवणं. व्हॉल्व्हमनना त्यांनी त्याचा अर्थ एकदा सांगितला, तेव्हापासून ते "बाई, तो ओझंवाला घाला की" म्हणून मागूनच घेत.

नोटीस आली ती फायलीमुळे. प्रत्येक खुलाशाची एक प्रत ताई जपून ठेवत. गेल्या महिन्यात हाताशी काम फार होतं, म्हणून स्टोअरकीपर आला तेव्हा त्यांनी फाइलच त्याच्याकडे दिली आणि तिसरा कागद उतरवून घ्यायला सांगितलं. त्यानं चौथा उतरवला. तो मीटर रीडरचा होता. स्टोअरकीपर पंचेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा. त्यानं खाली सही ठोकून साहेबांना कळवलं, की पत्नीला पहाटे कळा सुरू झाल्यानं उशीर झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. साहेबांनी अभिनंदन करायला बोलावलं. तिथे त्याची बोबडी वळली आणि त्यानं खुलासेबाईंचं नाव सांगून टाकलं. साहेबांनी फाइल मागवली. ऑफिस दोन दिवस पोट धरून हसत होतं. तेव्हा ताईही हसल्या होत्या.

आता रजेचं. आई अंथरुणाला खिळल्याला नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत ताईंनी रजा घेतल्या त्या सगळ्या आईच्या तापासाठी, भाच्याच्या परीक्षेसाठी, भावाच्या ऑपरेशनसाठी. कॉलेजातली एक मैत्रीण दरवर्षी बोलवायची. तिच्या घराची मागची खोली रिकामी असते. तिथे झोपायचं, उठायचं, कुणी हाक मारणार नाही. काम काहीच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. यंदा तिथे ताईंनी 'वैयक्तिक' लिहिलं. लाल शाईत शेरा आला, स्पष्ट करावे. घरी तर 'वैयक्तिक' म्हणायचीही सोय नव्हती, म्हणून त्यांनी सांगितलं, परगावी चार दिवसांचं प्रशिक्षण आहे.

प्रीटेक्स्ट, त्यांना आठवलं. समोर विणून धरलेला पडदा. इतका नीट विणला, आणि शिपायानं सही घेता घेता ओढून टाकला.

भाऊ गालावर साबण तसाच घेऊन बाहेर आला.

"मग जाणार कुठे होतीस?"

"मैत्रिणीकडे."

"बरी नाही का ती?"

"बरी आहे."

"मग कशाला?"

आतून आईनंही विचारलं, कुठे जातेय गं ती, कशाला. ताई दारात उभ्या राहिल्या. मैत्रीण आजारी असती तर भावानंच पिशवी उचलून गाडीपर्यंत सोडलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्यांसाठी सव्वीस वर्षं शब्द पुरले, आणि स्वतःच्या एका 'कशाला'पुढे त्या नुसता औषधाचा चमचा पुसत राहिल्या.

भाऊ तोंड धुवायला गेला तेव्हा भावजय डब्याला चमचा अडकवत हळूच म्हणाली, "चार दिवस आईंचं मी केलं असतं. नुसतं सांगायचंत. मी तरी या घरात कशाला ते सांगितल्याशिवाय कधी जिना उतरते?"

ते वाक्य ताईंना नोटिशीपेक्षा जास्त लागलं.

खुलाशाला तीन दिवसांची मुदत होती. ऑफिसात ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस. स्टोअरकीपर खाली मान घालून आला आणि म्हणाला, "बाई, मी लिहून देऊ का तुमचा?" ताईंना हसू आवरेना, मग तोही हसला. जाताना मात्र त्यानं खरंच कामाची गोष्ट सांगितली. रजेच्या कारणात आईचं आजारपण घाला, साहेबांची आईही अंथरुणात आहे, लगेच मंजूर होईल.

झालं असतं. शिवाय खोटंही नव्हतं. आई आजारी होतीच. संध्याकाळी आईच्या खाटेशी बसून ताईंनी तसा कागद लिहूनही काढला. मग सवयीनं कोश उघडला. अ‍ॅलिबाय. लॅटिनमध्ये नुसतं 'दुसरीकडे'. किती जणांना त्यांनी या शब्दानं सोडवलं होतं, अमका तेव्हा दुसरीकडे होता म्हणून. त्या स्वतः कधीच दुसरीकडे नव्हत्या. सकाळ-संध्याकाळ या खाटेशी, मधले आठ तास त्या टेबलाशी. आईनं झोपेतच त्यांची बोटं धरली. जिच्यापासून चार दिवस लांब राहायचं, तिलाच विणून पुढे धरायचं? ताईंनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडला, आणि शेवटी फाडला. बोटं सोडवून घ्यायला थोडा वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. खुलाशात दोनच ओळी होत्या. मीटर रीडरचा आणि स्टोअरकीपरचा, दोन्ही खुलाशांचा मजकूर माझा. फायलीतले बाकीचेही माझेच. साहेबांनी कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

"एवढंच? तुम्ही तर सगळ्यांना पानभर लिहून देता."

"एवढंच, साहेब."

मग त्यांनी रजेचा अर्ज ओढला. कारणाच्या रकान्यातला 'वैयक्तिक' ताईंनी खोडला होता आणि तिथे दुसरं काही लिहिलं नव्हतं. साहेबांनी पेनाच्या टोकानं त्या रिकाम्या जागेवर टकटक केली. घरी कुणी आजारी आहे का, त्यांनी विचारलं. लग्नकार्य? कोर्टाचं काम? आवाज खरं तर मऊ होता. त्यांना काहीतरी हवं होतं, कुठलंही चाललं असतं.

एक शब्द उच्चारला की सुटका होती.

"नोटिशीची जी शिक्षा असेल ती द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "चार दिवस मला जाऊ द्या. आणि कशाला ते विचारू नका."