मोठ्या आवाजाची पाहुणी

बालवाडीच्या मावशींचा आवाज ही कतारगामात वीज गेल्यावरही चालू राहणारी एकमेव गोष्ट होती. माग थांबत, हिरे घासायची चाकं, तिथल्या भाषेत घंट्या, थांबत, पंखे थांबत. मावशी थांबत नसत. त्या मूळच्या अमळनेरकडच्या. तरुणपणी मागावर कांड्या भरताना खडखडाटाच्या वर बोलायची सवय लागली ती लागलीच. गुपितसुद्धा त्या चाळीच्या टोकापर्यंत पोहोचेल अशा बेताने सांगत. नव्वदच्या दशकात मी एका वर्तमानपत्रात रात्रपाळी करत होतो, आणि माझ्या खोलीची व बालवाडीची भिंत एकच होती. पहाटे येऊन डोळा लागतो न लागतो तोच पलीकडून आरोळी येई, "पाव्हणी उनी व माय! दार उघडा!" मी एकदा तक्रार केली. मावशींनी ती शांतपणे ऐकली आणि उपाय सुचवला, "बातम्या दिवसा लिहत जा ना, भाऊ. रातले कोन वाचस?"

पाहुणी म्हणजे त्या स्वतः. वर्गात खानदेशी, ओडिया, काठियावाडी, विदर्भातली, उत्तर प्रदेशातली अशी सगळी पोरं. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेने भिंतीवर लावायला एक चित्र पाठवलं होतं. त्यात प्रत्येक प्रांताचं मूल सणाच्या पोशाखात उभं होतं. मावशींना ते आवडे, पण "रोज कोन फेटा बांधीसन जेवस?" अशी त्यांची शंका होती. म्हणून त्यांचा खेळ वेगळा. रोज एका मुलाची पाळी. सतरंजी म्हणजे त्याचं घर, बाकीची मुलं घरची माणसं, आणि मावशी पाहुणी. त्या घरात जी रीत असेल ती पाहुणीने पाळायची, कुरकुर न करता.

मावशी ही रीत भलत्याच निष्ठेने पाळत. हिरे घासणाऱ्याच्या मुलाने "आवो, बेसो" म्हणून त्यांना बसवलं आणि तो लगेच ओरडला, "कोई हलशो नहीं, हीरो पडी गयो!" मावशी आपल्या भरभक्कम देहासह गुडघ्यांवर आल्या आणि सतरंजीच्या दोऱ्यांत न पडलेला हिरा शोधू लागल्या. पोरं दमली, त्या दमल्या नाहीत. बांधकामावर काम करणाऱ्या विदर्भातल्या बाईच्या मुलीने तर त्यांना जेवायला वाढलं आणि पहिल्याच घासाला जाहीर केलं, "उठा, बिल्डिंग झाली, आता दुसरीकडं!" मावशी ताट हातात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेल्या. तिथेही बिल्डिंग लवकरच झाली. त्या दिवशी त्यांचं जेवण चालताचालताच उरकलं.

एका मुलीपुढे मात्र मावशींचं काही चालेना. टुनी ओडिया. वडील मागावर, आई एका मोठ्या खोलीत राहणाऱ्या कामगारांचा स्वयंपाक करायची. त्याच खोलीतला पडद्यामागचा कोपरा एवढाच त्यांचा संसार. टुनी बोलत नसे, खेळत नसे, पाळी आली की भिंतीकडे तोंड करी. मावशी तिला अधिकच मोठ्याने हाका मारत. शेवटी दिवाळीच्या तोंडावर तिची आई येऊन म्हणाली, "घर में चुप, यहाँ भी चुप. इस बार गाँव में दादी के पास छोड़ आएँगे." मावशींनी त्या दिवशी मला चहा विचारला नाही, यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

दोन दिवसांनी मला सकाळीच जाग आली, ती शांततेने. काहीतरी विपरीत घडलं असावं म्हणून मी पलीकडे गेलो. सतरंजीवर सगळी पोरं ओळीने झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. मधून टुनी चवड्यांवर फिरत होती, एकाच्या अंगावर पांघरूण ओढत, दुसऱ्याचा पाय सरळ करत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी चपला हातात घेतल्या.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडात कोंबून. माझ्या कानाशी येऊन त्या कुजबुजल्या. हा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. "तिन्हा घरमा रातपाळीवाला काका झोपेल ऱ्हातस, भाऊ. आनि मी येडी तिले रोज आरोळ्या मारू!"

तेवढ्यात टुनीची आई दारात आली आणि काही विचारणार, तोच टुनीने तिलाही गप्प केलं. आई हळूच उंबऱ्यावर बसली. गावाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. दिवाळीची सुट्टी संपून लाभपाचमीनंतर माग सुरू झाले, तेव्हा टुनी गावाहून परत आलेली होती.

पुढे तिच्या वडिलांना कडोदऱ्याला काम लागलं आणि ते कुटुंब गेलं. दुसरी पोरं आली, तीही मोठी झाली. खेळ तसाच राहिला, फक्त दुपार कलली आणि पोरं किरकिरी झाली की मावशी हळूच म्हणत, "चला, टुनीना घर जाऊत." आणि टुनीला कधीही न पाहिलेली मुलं चपला हातात घेऊन, चवड्यांवर, तिच्या घरात शिरत. तेवढा वेळ भिंतीपलीकडे मीही जागा राहून ऐकत असे.